खालच्या आळीचं लाकूड

"हात न्हाई लावला, साहेब."

मिस्तरी कचेरीच्या दाराशी चपला काढायचे, माझ्या मेजासमोर येऊन उभे राहायचे आणि दोन्ही तळवे पुढे धरून एवढंच म्हणायचे. रामराम त्यानंतर. नखं तपासायला मास्तरांपुढे उभं राहावं, तसे तळवे धरायचे. "मी चोरी केली नाही," असं शपथेवर सांगणारे लोक आमच्या कचेरीत रोज यायचे. पण आपल्याच पडलेल्या घराला आपण हात लावला नाही, एवढं सांगायला पाच कोस चालत येणारा हा एकच माणूस मी पाहिला.

सांगितलेलं काम आयुष्यभर सांगितलं तसंच करणारी माणसं तुमच्याही पाहण्यात असतील. आपण त्यांना भोळी म्हणतो आणि मोकळे होतो. मीही बरीच वर्षं तेच म्हणत होतो.

निजामी अंमलातली ही गोष्ट. रझाकारांचा धुमाकूळ अजून चार-सहा वर्षं लांब होता. मी तालुक्याच्या कचेरीत अहलकार होतो, म्हणजे साधा कारकून. सगळा कारभार उर्दूत चाले. माझं उर्दू बरं होतं, अक्षर त्याहून बरं, आणि आपल्याला सगळं कळतं असं वाटायचं वय होतं. मिस्तरी दुधनेकाठच्या एका गावचे सुतार. पन्नाशी उलटलेली, अंगानं वाळलेले, उजव्या कानावर कायम पेन्सिलीचा तुकडा. लिहिता येत नव्हतं, पेन्सिल फक्त लाकडावर खुणा करायला.

त्या वर्षी भाद्रपदात दुधनेला पूर आला आणि त्यांच्या गावची खालची आळी बसली. माणसं वरच्या आळीतल्या देवळात चढली म्हणून वाचली. घरं मात्र एकूण एक गेली. आपल्याकडची माळवदाची घरं तुम्हाला ठाऊक आहेत. मातीच्या भिंती, लाकडाचे खांब नि तुळया, वर पुन्हा मातीच. भिंतीनं पाणी प्यायलं की ती उभी राहत नाही, आणि भिंत बसली की माळवद खाली येतं. सगळं लाकूड चिखलात गाडलं गेलं. ती सगळी घरं मिस्तरींनी नाहीतर त्यांच्या वडलांनी उभी केलेली होती.

खरं तर दरखास्त, म्हणजे मदतीचा अर्ज, घेऊन गावच्या पाटलानं यायचं. पण पाटलाचं घर वरच्या आळीत, उंचावर. त्याच्या अंगणात पाणी शिरलं नव्हतं, त्यामुळे पंधरवड्यातच त्याला पूर फारसा आठवेनासा झाला. मग मिस्तरी आले.

तहसीलदार माणूस वाईट नव्हता. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "दरखास्त लिखवाओ. ऊपर से मुआयना होगा. मंजुरी आई तो सरकारी जंगल की लकडी मिलेगी."

मिस्तरींना त्यातलं 'लकडी' तेवढं समजलं. माझ्याकडे वळून त्यांनी हळूच विचारलं, "कसलं लाकूड म्हनायलेत?"

"सरकारी जंगलातलं. सागवान असेल."

मिस्तरी मेजाच्या कडेला टेकले. सागवान हा शब्द त्यांनी तोंडातल्या तोंडात दोनदा म्हटला. खालच्या आळीला त्यांनी जन्मभर लिंब आणि बाभूळ घातली होती. सागवान घातलं ते वरच्या आळीत, दुसऱ्यांच्या घरात. "आळीतली सगळी घरं सागवानाची केली ना साहेब," ते म्हणाले, "तर पुन्ना पानी येऊ द्या किती यायचं ते."

मी दरखास्त लिहिली. त्यांनी अंगठा दिला. ते निघाले तेव्हा मला आणखी शहाणपण सुचलं. आमच्याकडे एक जुने अहलकार होते. मानवतच्या कुणा व्यापाऱ्याचं गोदाम जळालं, त्यानं मुआयन्याच्या, म्हणजे सरकारी पाहणीच्या, आधीच राख झाडून टाकली आणि मदतीला मुकला, अशी एक गोष्ट ते तिखटमीठ लावून सांगायचे. ती माझ्या डोक्यात बसलेली. मी मिस्तरींना हाक मारून परत बोलावलं आणि करड्या आवाजात सांगितलं, "मुआयना होईपर्यंत मोक्यावरचं काही हलवायचं नाही. जसं पडलंय तसं राहू द्यायचं. सरकारचा हुकूम आहे."

"काहीच न्हाई हालवायचं?"

"काहीच नाही."

"बरं," मिस्तरी म्हणाले आणि गेले.

त्यानंतर त्या गावात जे झालं ते मला तुकड्यातुकड्यानं कळत गेलं, थोडं त्यांच्याकडून, थोडं त्यांच्या गावाहून बाजाराला येणाऱ्यांकडून. खालच्या आळीनं पडक्या घरांच्या कडेनं कडब्याच्या झोपड्या घातल्या आणि मिस्तरी पडझडीचे राखणदार झाले. सकाळी उठले की आळीतून एक फेरी. कुणाचा खांब कसा पडलाय, कुठली तुळई कुणाच्या भिंतीवर रेललीय, सगळं त्यांना पाठ. एका बाईचं जातं भिंतीखाली अडकलं होतं. ती म्हणाली, चार दगड बाजूला करते आणि काढून घेते. मिस्तरी म्हणाले, सरकारला दिसू दे तुझं जातं. ती बाई आठ महिने वरच्या आळीत दळायला जात होती आणि जाता-येता मिस्तरींचा उद्धार करत होती.

एकानं आपलं दार गुपचूप उचलून झोपडीला लावलं. मिस्तरींनी ते लांबूनच ओळखलं, स्वतः घडवलेलं होतं ना. त्यांनी ते उतरवलं, डोक्यावर घेतलं आणि मूळ जागी नेऊन पहिल्यासारखं पालथं टाकलं. वर त्या गड्याला म्हणाले, "कडी डाव्या अंगाला व्हती, ध्यानात ठेव." एका कोंबडीनं ढासळलेल्या भिंतीत अंडी घातली तेव्हा आळीत वाद झाला. शेवटी मिस्तरींनी निवाडा दिला की अंडी घ्यावीत, दगड जागचा हलवू नये. आम्ही कचेरीत हे किस्से ऐकून पोट धरून हसायचो.

दर बाजाराच्या दिवशी ते यायचे. तळवे दाखवायचे, मग विचारायचे, "मिसल कुठवर आली?" मिसल म्हणजे कागदांची फाईल. पण ते असं विचारत की जणू एखादा बैल वाटेत कुठेतरी रेंगाळलाय. मी म्हणायचो, वर गेलीय. पुढच्या बाजारी म्हणायचो, वरून शेरा मारून खाली आलीय, पुन्हा वर जाईल. ते मान डोलवायचे आणि भिंतीशी बसून राहायचे.

रिकामं बसणं मात्र त्यांना जमत नसे. एकदा माझ्या खुर्चीचा पाय करकरला. दुसऱ्या खेपेला ते वाकस आणि पटाशी घेऊनच आले. खुर्ची झाली, मग बाक झाला, मग दफ्तराच्या कपाटाची दारं. "तिकडं काम न्हाई, साहेब. हात नुसते शिवशिवतेत," म्हणायचे. सेलूच्या एका आडत्यानं गोदामाच्या कामाला बोलावलं होतं, पण हे गेले नाहीत. आळी सोडून गेलं तर लोक लाकडं हलवतील, ही धास्ती. त्या वर्षात आमच्या कचेरीतलं एकही लाकडी सामान डुगडुगत नव्हतं, आणि त्यांच्या आळीत एकही खांब उभा नव्हता.

माघात मी कचेरीच्या कामानं त्या बाजूला गेलो होतो, तेव्हा वाट वाकडी करून त्यांच्या गावी गेलो. मिस्तरी कुणाच्या तरी लग्नाच्या मांडवाची चौकट ठोकायला वरच्या आळीत गेले होते. झोपडीपुढे त्यांची बायको बसली होती. दम्यानं छाती वरखाली होत होती. कडब्यातून गार वारा सरळ आत जात होता. मी कचेरीतला, असं कळल्यावर तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि गुळाचा खडा नि पाणी पुढे ठेवलं.

"तुमीच का ते? आमचे मालक तुमचं लय नाव घेतेत." मग जरा दम खाऊन म्हणाली, "साऱ्या मुलखाची घरं बांदली यांनी, अन् मला कडब्यात ठिवलं." ती हसली, आणि हसता हसता तिला खोकल्याची उबळ आली.

खोकला ओसरल्यावर तिनं विचारलं, "एक इचारू का, साहेब? लय न्हाई, वाऱ्याच्या अंगाला एक भिंत घातली तर सरकार काय करील?"

मी म्हणालो, "थोडं थांबा. आता मुआयना होईलच."

"बरं," तीही म्हणाली.

त्या एका प्रश्नानं मात्र मी अस्वस्थ झालो. कचेरीत परतल्यावर मी कधी नव्हे तो कायद्यांचा किताब काढला आणि पुरा-आगीच्या मदतीचं प्रकरण पहिल्यांदा वाचलं. पटवाऱ्यानं पंचनामा केला की झालं, त्यानंतर रयतेनं घर उभारायला हरकत नाही, असं त्यात स्वच्छ लिहिलेलं होतं. पंचनामा तर पूर ओसरल्यावर आठवड्याभरातच झाला होता. तो मिसलीत लावलेलाही होता, आणि मीच लावला होता.

तेव्हा मी लगेच निरोप धाडायला हवा होता. धाडला नाही. पाच महिने माणसांना उघड्यावर ठेवून आता काय तोंडानं सांगायचं, असं वाटलं. मुआयना आज होईल, उद्या होईल, लाकूड येईल आणि सगळं झाकलं जाईल, असं मनाला समजावलं. पुढच्या बाजारी मिस्तरी आले, तळवे दाखवले, आणि मी म्हणालो, "शाबास."

वैशाखात हुकूम आला. वरचे साहेब जातीनं येणार. मिस्तरींनी साहेबांना वाट दाखवायला दोन दिवस आधीच तालुक्याला येऊन राहावं, असं तहसीलदारानं फर्मावलं. मिस्तरी धुतलेलं धोतर नेसून आले. त्या दोन दिवसांत ते मला आळीतल्या एकेका घराबद्दल सांगत होते, कुणाला किती खण पडतील, सागवानाची तुळई किती लांब लागेल. इतकं बोलताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मलाही हायसं वाटत होतं, खोटं कशाला सांगू?

साहेब दमणीत, तहसीलदार घोड्यावर, मी मागच्या गाडीत दफ्तर घेऊन. मिस्तरी सगळ्यांच्या पुढे पायी. गावाच्या शिवेवर वाजंत्री उभी होती. मिस्तरी थबकले. वाजंत्रीचं त्यांना कुणी बोललं नव्हतं.

गावात शिरलो आणि मला काय झालंय ते कळलं. पाटलानं दवंडी दिली होती की बडे साहेब येणार, गाव लख्ख दिसलं पाहिजे. तसं त्यानं सांगायचीही गरज नव्हती. एवढा मोठा पाहुणा पहिल्यांदाच गावात यायचा होता. बायाबापड्या दोन दिवस राबल्या होत्या. खालच्या आळीतला मातीचा ढीग न् ढीग पाट्यांनी नदीवर नेऊन टाकला होता. जमीन सारवून रांगोळ्या घातल्या होत्या. दगड एकीकडे रचले होते, आणि आळीच्या मधोमध सगळे खांब, तुळया, दारं धुऊन-पुसून, लांबीला लांबी लावून, सरळ थप्पीत. थप्पीला आंब्याचं तोरण. ती जात्यावाली बाई आरतीचं ताट घेऊन सगळ्यात पुढे उभी होती.

साहेब खूश झाले. "माशाअल्लाह! गाव तो बहोत साफ-सुथरा है." मग म्हणाले, "गिरे हुए मकान किधर हैं?"

मिस्तरी पुढे धावले. "हितं, साहेब. हितं व्हतं घर. ही भिंत... हितं खांब व्हता बगा, अन् हितून त्या तितवर..." ते रांगोळी वाचवत वाचवत सारवलेल्या मोकळ्या जमिनीवर इकडून तिकडे पळत होते आणि हातानं हवेत भिंती दाखवत होते. साहेबांनी थोडा वेळ पाहिलं. मग थप्पीकडे वळले, काठीनं वरची तुळई ठोकली आणि तहसीलदाराला म्हणाले, "लकडी तो काफी है इनके पास."

शेरा त्यांनी तिथेच सांगितला, मी लिहून घेतला. रयत मेहनती असून तिने मोका स्वतःच साफ केला आहे, लाकूडसामान भरपूर शिल्लक आहे, सरकारी लाकडाची जरुरी दिसत नाही. माझ्या त्याच बऱ्या अक्षरात. साहेबांनी हार घेतला, नारळ घेतला, पाटलाची पाठ थोपटली आणि ऊन चढायच्या आत निघून गेले.

मला वाटलं, आता मिस्तरी बायकांवर तुटून पडणार. ते थप्पीशी जाऊन उभे राहिले. मीच चिडून म्हणालो, "आठ महिने सांभाळलंत आणि दोन दिवसांत या लोकांनी घाण केली!"

"त्यांचं काय चुकलं?" मिस्तरी म्हणाले. "पाव्हना यायलाय म्हनल्यावर दारात केर कोन ठिवील?"

मी म्हणालो, "जाऊ द्या. लाकूड तर आहे तुमचं. मृगाला अजून वेळ आहे. आता बांधा घरं."

त्यांनी थप्पीतला एक खांब ओढून काढला आणि पटाशी टेकवली. ठोकली नाही, नुसती दाबली. ती मुठीपर्यंत आत गेली. बाहेर काढली तेव्हा मातीचा भुगा पडला आणि त्यातून पांढरी वाळवी सांडली. दुसरा खांब तसाच, तिसरा तसाच. साहेबांनी ठोकलेली तुळईही तशीच निघाली. वरून धुतलेली, तोरण लावलेली, आणि आत काही नाही.

"हे तुम्हाला आत्ता कळलं?" मी विचारलं.

"न्हाई, साहेब. ओल्या मातीत पडलेलं लाकूड चार महिन्यांच्या वर ऱ्हात न्हाई. सुताराला हे शिकवाय लागत न्हाई." पटाशी पुसत ते म्हणाले, "मी रोज बगत व्हतो. पन सरकारचा हुकूम व्हता. अन् म्हनलं, सागवान यायलंय."

रोज. मी ज्या फेरीला हसत होतो, त्या फेरीत हा माणूस आपल्या हातानं घडवलेलं लाकूड सडताना बघत होता आणि बाजाराच्या दिवशी येऊन माझी खुर्ची दुरुस्त करत होता. मी दफ्तर गाडीत ठेवलं आणि निघालो.

त्या पावसाळ्यात खालची आळी फुटली. कुणी सेलूच्या जिनिंगात गेलं, कुणी मानवतला हमालीला, कुणी चारठाण्याकडे नातलगांच्या वाड्यावस्त्यांवर. मिस्तरींची बायको श्रावणात झोपडीतच गेली. मला ते बाजारातल्या माणसाकडून कळलं, चालता चालता सांगितलेलं.

दसऱ्याच्या सुमाराला मिस्तरी कचेरीत आले. पाठीवर हत्यारांचं बोचकं. तळवे दाखवले नाहीत. रामराम केला आणि म्हणाले, "सेलूला चाललो. जिनिंगात सुतारकाम हाय म्हनतेत. तुमी लय केलं आमच्यासाठी, म्हनून सांगून जावं म्हनलं."

'तुमी लय केलं' हे मला सोसवलं नाही. मी त्यांना बाहेर लिंबाखाली नेलं आणि सगळं सांगून टाकलं. तसा हुकूम कधीच नव्हता. मी ऐकीव गोष्टीवरून, मोठेपणासाठी बोललो होतो. पंचनामा झाल्यावर घरं बांधता आली असती. आणि मला हे माघातच कळलं होतं.

 बोचकं मिस्तरींनी खाली ठेवलं नाही. मला वाटत होतं, यांनी दोन शिव्या द्याव्यात, तोंडात मारावी, तेवढ्यानं तरी बरं वाटेल.

"माघात," ते एवढंच म्हणाले. मग इकडेतिकडे बघून आवाज उतरवला. "साहेब, हे आळीतल्या कुनाला बोलू नका."

"का?"

"त्यांना वाटायलंय, सरकारनं थांबिवलं. म्हनून माज्याशी बोलतेत अजून." त्यांनी बोचक्याची गाठ उगीचच आवळली. "अन् ती बी सरकारचा हुकूम हाय म्हनून गप बसली. गेली बिचारी. आता तिला कुटं सांगाय जाता?"

ते सेलूच्या रस्त्याला लागले. पुन्हा कधी आले नाहीत. पुढे मी सेलूला दोन-तीनदा गेलो, जिनिंगच्या फाटकाशी उभा राहिलो आणि आत न जाता परत आलो. काही वर्षांनी ते वारल्याचं कळलं, कुठे आणि कसे ते सांगणारं कुणी भेटलं नाही.

त्यांनी सांगितलेलं मी आजपर्यंत पाळलं. आज पहिल्यांदा हे लिहून ठेवतोय, आणि तेही धीर करून नव्हे. खालच्या आळीतलं कुणी आता वाचायला उरलं असेल, असं मला वाटत नाही.